स्वप्नात चेहरा नव्हता, नुसता हात होता

शाडूवाला

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचतो, किंवा कोणी फायबरचं विचारलं तर दोन ओळी लिहितो. आज जरा लांबण लावणार आहे, सांभाळून घ्या.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी मूर्तिकाम करतो. पोळ्याआधी नंदी, मग गणपती, मग दुर्गा-शारदा. उरलेल्या महिन्यांत मिळाले तर पुतळे. पुतळे म्हणजे ठरलेलेच. साचे तयार आहेत, फक्त उंची विचारायची. फेब्रुवारीत मात्र वेगळं काम आलं. शेजारच्या गावचा एक शेतकरी, पन्नाशी ओलांडलेला, म्हणाला, "मायचा पुतळा करून द्या. वावराच्या धुऱ्यावर बसवाचा हाय." धुरा म्हणजे शेताचा बांध. अर्धपुतळा. फोटो मागितला तर मतदान ओळखपत्र काढून दिलं. त्या फोटोत कोणाचाही चेहरा कोणाचाही वाटतो, हे तुम्हाला माहीतच आहे. बाकी एक लग्नातला, त्यात माय मागच्या रांगेत, अर्धं तोंड दुसऱ्या बाईच्या पदराआड.

लोखंडी सळईचा सांगाडा उभा केला, बटरफ्लाय, म्हणजे माती पेलायला तारेला बांधलेल्या लाकडाच्या फुल्या, लटकवले, माती चढवली. आमच्याकडची काळी माती या कामाला चालत नाही. ओली असली की फुगते, वाळली की आवळते, वावराला भेगा पडतात तशाच नाकावर पडतात. म्हणून नदीकाठची चिकण माती आणून, चाळून, आठ दिवस मुरवून वापरतो. महिनाभरात चेहरा आणला. नाकाची शेंड, हनुवटीवरचा तीळ, कपाळावरचं गोंदण, सगळं विचारून विचारून. घरची मंडळी पाहायला आली. मुलगा बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "चेहरा तं बराबर हाय. पण हे माय नाई वाटत." सून काहीच बोलली नाही.

हे वाक्य मी आधीही ऐकलं आहे. अशा वेळी गाल थोडे भरायचे, ओठ थोडे हसरे करायचे, गिऱ्हाईक खूश. तसंच करायचं ठरवून झोपलो.

आता मुद्दा. त्या रात्री स्वप्न पडलं. मी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, तासात उभा आहे. समोर कोणी नाही. पण माझ्या कमरेवर मागून एक हात टेकला आहे. तो माझाच आहे, म्हणजे माझ्याच खांद्यातून निघाला आहे, पण माझा नाही. लहान आहे, बोटं जाड आहेत आणि उलटा आहे. तळहात बाहेर, बोटांची मागची बाजू कमरेला दाबलेली. चेहरा कुठेच नाही. काही बोलणं नाही. फक्त तो दाब.

जागा झालो तेव्हा लाइट गेलेली होती. पहाटेचे चार-साडेचार असतील. तसाच टिनाखाली गेलो, पुतळ्यावरचा ओला बारदाना काढला आणि अंधारात पाठीवर हात फिरवत बसलो. आजवर त्या पाठीकडे मी लक्षच दिलं नव्हतं. अर्धपुतळ्याची पाठ भिंतीकडे असते, कोण पाहतो? पण त्या पहाटे चाचपडत चाचपडत माती काढली, लावली, डावा खांदा दाबला. उजाडलं तेव्हा पाहिलं, डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली आला होता. मानेच्या खळगीतून ओळंबा सोडला. उभ्या माणसाचा तो ज्या पायावर भार असतो त्या घोट्याशी पडायला हवा. इथे पाय नाहीतच, पण अंदाज घेतला तर तो वीतभर पुढे जात होता. म्हणजे बाई वाकलेली होती. मी तिला कधी वाकवलं?

घरचे अजून पाहायला आले नाहीत. त्याआधी तुम्हाला विचारतो. मी अंधश्रद्धाळू नाही. पण हे कुठून आलं? तुमच्यापैकी जे हाताने काम करतात त्यांना असं काही झालं आहे का?

नास्तिकनंदी

झालं. आता नारळ कुठे फोडायचा तेवढं सांगा.

थट्टा सोडा. लिहिलंय झकास. पण "स्वप्नात आलं" हे वाक्य आपल्याकडे फार महागात पडतं. स्वप्नात देव येतो, अमुक झाडाखाली उकरा म्हणतो, उकरलं की मूर्ती निघते, वर्षभरात सभामंडप आणि त्याच्या पुढच्या वर्षी सातबाऱ्याचा वाद. माझ्या आजोळी डोळ्यांनी पाहिलं आहे. तुमचं तसं नाही, माहीत आहे. तरी शब्द जपून वापरा एवढंच.

चिकणमाती

शाडूवाला दादा, मी नागपुरात शिल्पकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे, गाव वर्धा जिल्ह्यातलं. तुमची पोस्ट वाचून हेन्री मूर आठवला. इंग्लंडचा शिल्पकार, १८९८ चा जन्म, बाप कोळशाच्या खाणीत कामाला. आईला संधिवात होता. लहानपणी तो तिच्या पाठीला तेल चोळून द्यायचा. पुढे पन्नाशी उलटल्यावर १९५७ च्या सुमाराला बसलेल्या बाईचं एक शिल्प करताना त्याच्या लक्षात आलं की आपण नकळत तीच पाठ करतो आहोत, लहानपणी चोळलेली. म्हणजे चाळीसेक वर्षं ती पाठ त्याच्या तळहातात होती. डोक्यात नव्हती.

तुमच्या आईंनी कापूस वेचला आहे का?

शाडूवाला

@नास्तिकनंदी, नारळ नको, चहा पाजा.

@चिकणमाती, हो बेटा. माझी माय जन्मभर दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं गेली. कमरेला कापडाची ओटी बांधून त्यात कापूस वेचायची. आम्ही पोरं धुऱ्यावर खेळत असायचो. तेल चोळल्याचं मात्र आठवत नाही. चोळायला पाहिजे होतं.

तणस

मी झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातला. वडसा हे झाडीपट्टीच्या नाटकांचं माहेर, सगळ्यांना माहीत असेल. आमचं काम पडदे रंगवायचं आणि दसऱ्यात शारदा-दुर्गा करायचं. आमच्याकडे धानाचा प्रदेश असल्यानं मूर्तीच्या आत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, असते. बांबूच्या काड्या, त्यावर तणशीच्या पेंढ्या सुतळीनं आवळून बांधायच्या, की देवीचं अंग तयार. मग चिखल. माझे काका म्हणायचे, "पेंढी बांधतानाच देवी उभी राह्यली पायजे. माती लावून उभी नाही होत." आता कळतं ते काय म्हणत होते. तणशीच्या पेंढीला चेहरा नसतो, रंग नसतो. पण कंबर कुठे मोडली आहे, वजन कोणत्या पायावर आहे, हे तिथेच ठरतं. चुकलं तर वरून किती दागिने घाला, देवी लाकडासारखी उभी.

भाऊ, तुमचं पण तसंच झालं. आधी चेहरा केला आणि पेंढी राहून गेली. स्वप्नानं पेंढी दाखवली.

जाता जाता, मार्कंड्याच्या देवळात गेला नसाल तर जा. गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शीजवळ. वैनगंगा तिथे उत्तरवाहिनी होते. महाशिवरात्रीला पाय ठेवायला जागा नसते, म्हणून एरवी जा, सकाळी लवकर, तिरपं ऊन असताना. बाहेरच्या भिंतीवरच्या बायका पाहा, एकीचीही कंबर सरळ नाही. करणाऱ्याला त्यांच्या हाडांची पूर्ण ओळख होती. लोक खजुराहोशी तुलना करतात ते मला फारसं पटत नाही, आमचं मार्कंडा मार्कंडा आहे.

ओपीडीतली

मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे, जागा सांगत नाही. हा धागा माझ्यासाठीच काढलाय की काय असं वाटलं.

तो उलटा हात मी रोज पाहते. ऑक्टोबर ते जानेवारी, वेचणीच्या दिवसांत, बायका येतात, "बाई, कंबर लय दुखते." कुठे दुखते विचारलं की हात मागे नेतात आणि उलटा टेकवतात, तळहात बाहेर. सुरुवातीला मला वाटायचं ही सवयच असेल. मग एकीचे हात तपासताना कळलं. बोंड सुकलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं काट्यासारखी कडक होतात. दिवसभर त्यात बोटं घालून कापूस ओढायचा, तर बोटांची टोकं चिरलेली असतात. तळहाताकडून काही दाबायचं म्हणजे आग होते. म्हणून उलटा हात. शिवाय ओटी पुढे लोंबते, भरत जाते तशी कंबरेला पुढे ओढते, म्हणून मागून आधार द्यावासा वाटतो.

आता स्वप्नाचं. आपले हातपाय कुठे आहेत, किती वाकले आहेत, हे डोळे मिटूनही कळतं, कारण स्नायूंमध्ये आणि सांध्यांमध्ये त्याची संवेदना घेणारे तंतू असतात. स्वप्नाळू झोपेत मेंदू अंगाचे स्नायू जवळजवळ बंद करून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नातलं सगळं अंथरुणातच केलं असतं. कधी कधी जाग आधी येते आणि स्नायू उशिरा सुटतात. छातीवर कोणी बसलंय असं वाटतं ते तेव्हाच. गावात त्याला काय काय नावं आहेत ते इथे लिहीत नाही, नास्तिकनंदी चिडतील.

आणि एक. २०२१ साली पॅरिसच्या संशोधकांनी एक प्रयोग छापला होता. लोकांना गणिताची किचकट उदाहरणं दिली, त्यात एक छुपी युक्ती होती. मध्ये वीस मिनिटं खुर्चीत डोळे मिटून पडायला सांगितलं, हातात एक वस्तू देऊन, झोप लागली की ती पडेल आणि जाग येईल अशी. ज्यांचा डोळा नुसता लागला होता, पंधरा सेकंद का होईना, त्यांच्यातल्या ८३ टक्के लोकांना युक्ती सापडली. जागे राहिले त्यांच्यातल्या ३० टक्क्यांना. आणि गंमत म्हणजे जे आणखी गाढ झोपेत गेले त्यांच्यातल्या फक्त १४ टक्क्यांना. म्हणजे उंबरठ्यावरच काहीतरी मिळतं. घरात शिरलात की गेलं.

तुमच्या बाबतीत मला तरी असं वाटतं की स्वप्नानं नवीन काही दिलं नाही. तुम्ही तो हात लहानपणी हजार वेळा पाहिला आहे.

नास्तिकनंदी

चिडत नाही हो बाई. उलट आभार. हेच म्हणायचं होतं, मला एवढं नीट जमलं नसतं.

२१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध प्यायला तो दिवस. मी शाळेत होतो. आमच्या गावात सकाळी दहापर्यंत दूध संपलं होतं. गुरुजींनी दुपारी वर्गात चमचा आणि दगड घेऊन दाखवलं की दूध ओल्या दगडावरून कसं खाली ओघळतं. संध्याकाळी गुरुजींची बायको चमचा घेऊन रांगेत. तेव्हापासून माझा हा स्वभाव.

पण एक कबूल करतो. न दिसणाऱ्या गोष्टीची एक मूर्ती मला मनापासून आवडते. मारबत. मी आता नागपूरला असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून असं सांगतात. रोगराई, इडापीडा, म्हणजे ज्याला ना रंग ना रूप, त्याला लोकांनी अंग दिलं, थानं दिली, केस दिले, लहान लेकरांना तिच्या पायाशी नेऊन ठेवलं आणि मग गावाबाहेर नेऊन जाळून टाकलं. आमच्या गावी मूर्ती नसायची, दाराशी पळसाचे मेढे रोवायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ओरडत नेऊन टाकायचे, "घेऊन जाय गे मारबत!" यात देव कुठे आला? हा तर सरळ व्यवहार. करा, काम झालं की जाळा. शिल्प म्हणून याच्याइतकं प्रामाणिक काही नाही.

वऱ्हाडी_पुण्यात

वाचतोय. पोळ्याचं नाव काढलं आणि जीव कासावीस झाला. इथे तान्हा पोळा म्हणजे काय हे समजावून सांगण्यातच दिवस जातो.

मेळघाटी

मी धारणी भागात शिक्षक आहे, मूळचा नाही, पण अठरा वर्षं झाली. चर्चा चेहऱ्यावर अडली आहे म्हणून लिहितो.

कोरकू लोकांत माणूस गेला की त्याच्या नावानं लाकडी मुंडा उभा करतात. सागाची जाड फळी, तासून त्यावर कोरीवकाम. हा विधी म्हणजे सिडोली. तो लगेच होतोच असं नाही. खर्च असतो, सगे बोलवायचे असतात, म्हणून ऐपत होईल तेव्हा करतात, कधी कधी वर्षं लोटतात. तोवर मेलेला माणूस कुठे असतो? माझ्या शाळेतल्या एका पोरानं मला सांगितलं, "गुरुजी, तो अजून इकडंच आहे."

मुंड्यावर काय असतं? वर सूर्य-चंद्र, खाली घोडेस्वार. ज्याच्या नावानं तो उभा आहे त्याने आयुष्यात घोडा पाहिलाही नसेल. चेहरा तर सगळ्या घोडेस्वारांना सारखाच, दोन ठिपके. तरी त्या घरची म्हातारी रांगेतल्या नेमक्या मुंड्यापाशी जाऊन बसते. चुकत नाही. मी एकदा विचारलं, ओळखू कसं येतं? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही.

जुने मुंडे पावसानं झिजले आहेत, काहींवर वाळवीचे वारूळ चढले आहे. कोणी रंगवत नाही, डागडुजी करत नाही. लाकूड जाईल तेव्हा जाईल.

चिकणमाती

मेळघाटी सर, हे वाचून एकदम गप्प झाले.

मला आमच्या वर्गात दाखवलेलं एक शिल्प आठवतं. जाकोमेत्ती, स्वित्झर्लंडचा, पॅरिसला राहायचा. १९३४ चं काम, नाव 'अदृश्य वस्तू'. एक उंच बारीक बाई, अर्धवट बसलेली, दोन्ही हात छातीसमोर धरलेले, मध्ये काहीतरी पकडल्यासारखे. आणि मध्ये काहीच नाही. आमच्या सरांनी विचारलं होतं, काय धरलंय तिने? वर्गातल्या मुलांनी काय काय सांगितलं, बाळ, चेंडू, प्राण. माझ्या शेजारची मैत्रीण भंडाऱ्याची, ती म्हणाली, "सूप." आणि खरंच, पाखडताना हात तसेच असतात! सर हसले, पण मला अजून ते सूपच दिसतं.

शाडूवाला दादा, रामकिंकर बैजांबद्दल तुम्हाला माहीत असेलच, तरी सांगते. शांतिनिकेतनात १९३८ चं 'संथाल कुटुंब', बाप, आई, लेकरं, कावड, कुत्रा, सगळे चाललेत. ब्राँझला पैसे कुठले, म्हणून सिमेंट आणि तिथल्या लाल मुरमाचे खडे. हातानं थापलेलं. मुरूम तर आपल्याकडे फुकट आहे.

शाडूवाला

फुकट कुठला, ट्रॅक्टरचे पैसे पडतात. पण धुऱ्यावरच्या पुतळ्याला मुरूम-सिमेंट, ही कल्पना डोक्यात आधी का आली नाही? आता उशीर झाला, फायबरचं बोलणं झालं आहे.

बरं, काल घरचे येऊन गेले. सांगतो.

मी काही बोललो नाही. पुतळा फिरवून ठेवला होता, पाठ दाराकडे. कमरेवर तो उलटा हात लावला होता, नुसताच कच्चा, बोटं नीट केली नव्हती. अर्धपुतळा आता अर्धा राहिला नाही, कमरेच्या खाली वीतभर गेला. मुलगा आत आला आणि दारातच थांबला. सून त्याच्या मागून आली. ती सरळ पुतळ्यापाशी गेली आणि त्या मातीच्या हातावर आपला हात ठेवला. ओली माती, बोटं उमटली. मी "अहो..." म्हणेपर्यंत झालं. तिने हात काढला, पदराला पुसला आणि म्हणाली, "आत्याबाई वेचाले गेल्या का असंच करत." बस्स.

आता तुम्हाला वाटेल झालं, गोष्ट संपली. नाही. मुलाला हात नको आहे. तो म्हणतो, चेहरा ठेवा, खांदा तसा असू द्या, पण हात पुढे घ्या, जोडलेले. "लोक म्हणतील बुढी कमर धरून उभी हाय." गावात आणखी एक पुतळा आहे, त्याचे हात जोडलेले आहेत, तसे. आणि त्याचं म्हणणं मला अगदीच चूक वाटत नाही. आईचं दुखणं चौकात मांडायचं का? त्याचाही विचार आहे.

सून घराबाहेर जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, आठ दिवस द्या.

तिच्या बोटांचे ठसे अजून तसेच आहेत. माती वाळू नये म्हणून दर दोन तासांनी पाणी मारतो, एप्रिलचं ऊन तुम्हाला माहीत आहे. ठसे पुसायला हात होत नाही.

ओपीडीतली

ठसे पुसू नका.

तणस

ठसे राहू द्या भाऊ.

नास्तिकनंदी

ठसे राहू द्या. (हे माझं मत सौंदर्यशास्त्राचं आहे, नोंद घ्यावी.)

चितारओळ

मी उशिरा आलो. आमचं घराणं नागपूरच्या चितारओळीतलं, म्हणजे मूर्तिकारांच्या वस्तीतलं, चार पिढ्या मूर्तिकाम. कोणी डोळ्यांबद्दल बोललंच नाही म्हणून लिहितो.

आमच्या आजोबांचा नियम. डोळे शेवटी. सगळी मूर्ती रंगवून, दागिने चढवून, मग एकदाच बसायचं. डोळे उघडताना मूर्तीच्या समोर कोणी उभं राहायचं नाही, घरच्या पोरांनी तर नाहीच. शास्त्रात नेत्रोन्मीलन म्हणतात, देवळात आरसा धरतात, कारण पहिली नजर झेलायची कोणाची छाती नाही. आम्ही लहानपणी दाराच्या फटीतून पाहायचो. आजोबा श्वास रोखून ब्रश ठेवायचे, आणि ठेवला की मूर्ती आपल्याकडे पाहते असं खरंच वाटायचं. आता स्प्रे गनच्या जमान्यात डोळ्यांचं स्टेन्सिल मिळतं. एका तासात चाळीस गणपती पाहायला लागतात. असो.

पुतळ्याचं काम निराळं. तिथे बुबुळाच्या जागी खड्डा करतात, त्यात सावली पडते आणि नजर तयार होते. शाडूवाले, माझा सल्ला असा. या बाईच्या डोळ्यांत खड्डा करू नका. कोरे ठेवा, पापणी थोडी खाली. नजर रोखलेला पुतळा धुऱ्यावर असेल तर पोरं संध्याकाळी त्या वाटेनं जाणार नाहीत. आणि जिची कंबर दुखते ती कोणाकडे रोखून पाहत नाही, ती खालीच पाहते.

हाताबद्दल: गिऱ्हाइकाचं ऐका. पैसे तो देतो.

चिकणमाती

चितारओळ काका, शेवटच्या वाक्याशी मी भांडणार आहे. पैसे तो देतो हे खरं, पण आई काय त्याच्या एकट्याची होती? सुनेनं तीस वर्षं तिच्याबरोबर वेचलं असेल.

चितारओळ

भांड. पण तुझं स्वतःचं दुकान होऊ दे, मग भांड.

मेळघाटी

मला वाटतं मुलाला लाज नाही वाटत. त्याला आठवतंय आणि ते नको आहे. दोन्ही वेगळं.

वऱ्हाडी_पुण्यात

विषयांतर होतंय, पण सप्तशृंगीचं आठवलं. २०२२ मध्ये देवीवरचा शेंदराचा थर काढला तेव्हा खालचं मूळ रूप पुढं आलं. पिढ्यान्‌पिढ्या लोक शेंदराच्या थराला हात जोडत होते, आत दुसराच चेहरा. आमच्या गावच्या वेशीवरच्या मारुतीच्या शेंदराखाली काय आहे हे मी आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, "काय असन? दगड." आणि लगेच कानाला हात लावला.

तणस

आमच्याकडच्या गोंड लोकांच्या देवस्थानात बहुतेक वेळा चेहऱ्याची मूर्ती नसतेच. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला लाखभर माणूस जातो, तिथे आत काय आहे? गुहा. अंधार आणि वरून येणारा उजेड. शिल्पकाराला तिथे कामच नाही. मी गेलो होतो, पडदे रंगवणारा माणूस, मला वाटलं इथे आपली गरज नाही, आणि बरंही वाटलं.

शाडूवाला

मंडळी, बऱ्याच दिवसांनी आलो. अखजी, म्हणजे अक्षय तृतीया, होऊन गेली. पुतळा बसला.

हाताचं काय झालं ते विचारत होतात. मी दोन्ही हात मातीत करून पाहिले, जोडलेले. तीन दिवस लावले. करून झाल्यावर पाहतो तर खांदा परत सरळ! हात पुढे जोडले की पाठ आपोआप ताठ होते, ओळंबा जागेवर येतो. डावा खांदा खाली ठेवून हात जोडले तर बाई पडल्यासारखी दिसते. शरीरच ऐकत नाही. मुलाला बोलावून हेच दाखवलं, बोललो काहीच नाही, ओळंबा हातात दिला. त्यानं दोनदा धरून पाहिला. मग विचारलं, "म्हणजे हे होतच नाई का?" म्हटलं, होतं, पण ती दुसरी बाई होते. तो म्हणाला, "मंग राहू द्या तसंच."

असं नाही की त्याला पटलं. त्याने पैसे देताना ठरल्यापेक्षा दोन हजार कमी दिले, हात मागे गेला म्हणून. चितारओळ हसतील. मी घेतले.

डोळे कोरे ठेवले, चितारओळचं ऐकलं. ठसे साच्यात आले. प्लास्टरचा साचा दोन तुकड्यांत काढला, जोड बरोबर हातावरून जात होता म्हणून तिसरा तुकडा करावा लागला. फायबर ओतताना मनात धाकधूक, एवढा बारीक ठसा उमटेल की नाही. उमटला. बोटांच्या रेषा नाहीत, पण चार बोटांचे चार खळगे आहेत. वरून हात फिरवला की लागतात, डोळ्यांना चटकन दिसत नाहीत.

अखजीला आमच्याकडे पितरांच्या नावानं घागर भरतात. त्या दिवशी त्यांनी घरची घागर वावरात नेली, पुतळ्याच्या पायथ्याशी ठेवली. पुतळ्याचं तोंड कुठे करायचं यावर पुन्हा वाद झाला. रस्त्याकडे की वावराकडे? सून म्हणाली वावराकडे. म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्याला पाठ दिसते. मुलगा यावेळी काहीच बोलला नाही.

मला विचाराल तर तो हात कुठून आला हे अजून कळलं नाही. डॉक्टरबाईंचं पटतं. पण माझ्या मायला जाऊन अकरा वर्षं झाली आणि ती मला एकदाही स्वप्नात आली नव्हती. आली ती दुसऱ्याच्या मायच्या कामात, तीही पाठमोरी. त्यात मला काय समजायचं ते मी समजलो आहे.

ओपीडीतली

फोटो टाका ना.

शाडूवाला

टाकतो. पाठीचा.

चितारओळ

जेलकोट, म्हणजे फायबरचा वरचा थर, उन्हात पिवळा पडेल. आताच एक हात चांगल्या रंगाचा मारून ठेवा, पावसाआधी. दोन हजार कमी घेतले त्याबद्दल वेगळं बोलू.

नास्तिकनंदी

एक शंका. वावरात पुतळा म्हणजे बुजगावण्याचंही काम होत असेल. रोही, म्हणजे नीलगायी, येतात का त्या भागात?

शाडूवाला

हाच प्रश्न मलाही पडला होता, म्हणून त्यांना फोन केला. पहिले आठ दिवस एकही रोही आला नाही म्हणे. गावात बोलबाला झाला, बुढी राखण करते. नवव्या रात्री आले. भुईमूग खाल्ला, आणि जाताना तिच्या पाठीला अंग घासून गेले. डाव्या खांद्यावरचा रंग खरवडला आहे. उद्या डबा घेऊन जातो.